पहिल्यांदा क्रीटला जाताना: निम्मं बेट सोडा, उरलेलं नीट पाहा

ग्रीसची सहल म्हटली की आपल्याकडे सांतोरिनीची पांढरी घरं डोळ्यांसमोर येतात. मी तुम्हाला त्याहून दक्षिणेला, क्रीटला पाठवणार आहे. ग्रीसचं हे सगळ्यात मोठं बेट, आणि भूमध्य समुद्रातलं पाचवं. सिसिली, सार्डिनिया, सायप्रस आणि कॉर्सिका एवढीच त्याच्यापेक्षा मोठी. इथे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे राजवाडे आहेत, व्हेनिसकरांनी बांधलेली बंदरं आहेत, मे महिन्यातही माथ्यावर बर्फ मिरवणारे डोंगर आहेत. आणि शाकाहारी माणूस इथे दोन्ही वेळा पोटभर जेवतो. घरच्या ज्येष्ठांना घेऊन परदेशी गेलेल्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

मी दोनदा गेले. पहिल्या वेळी सात दिवसांत अख्खं बेट पाहायचा घाट घातला आणि बराचसा वेळ गाडीच्या काचेतून डोंगर बघण्यात गेला. दुसऱ्या वेळी फक्त पश्चिमेकडचा भाग धरला, तेव्हा क्रीट कळायला लागलं. पुढचं सगळं त्या दुसऱ्या सहलीच्या हिशेबाने लिहिलं आहे.

१. आधी बेटाचा आवाका समजून घ्या

क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, म्हणजे पुणे-कोल्हापूरपेक्षाही जास्त. रुंदी मात्र कुठे ६० किलोमीटर, तर कुठे जेमतेम १२. बेटाच्या मधोमध डोंगरांची रांग पसरली आहे: पश्चिमेला लेफ्का ओरी, म्हणजे ‘पांढरे डोंगर’, मध्यभागी २,४५६ मीटर उंचीचा प्सिलोरितिस, पूर्वेला दिक्ती. मोठी शहरं आणि चांगला हमरस्ता उत्तर किनाऱ्याला. दक्षिणेकडे जायचं तर डोंगर ओलांडावा लागतो, आणि तिथले रस्ते आपल्या घाटांसारखेच नागमोडी. नकाशावर ४० किलोमीटर दिसले म्हणून पाऊण तास धरू नका, दीड तास धरा.

बेटाचे चार जिल्हे पश्चिमेकडून असे: हान्या, रेथिम्नो, इराक्लिओ, लासिथी. यातलं पहिलं नाव पाट्यांवर रोमन लिपीत ‘सी-एच’ने सुरू होतं, म्हणून आपण ‘चानिया’ वाचतो. तिथल्या माणसाला ‘हान्या’ म्हटलं की लगेच समजतं. एकाच गावाचं नाव तीन पाट्यांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं दिसतं, तेव्हा स्पेलिंगपेक्षा उच्चार लक्षात ठेवा.

आता निर्णय. आठवडाभराची सहल असेल तर पश्चिम किंवा पूर्व, एकच बाजू निवडा. पहिल्या खेपेला मी पश्चिमच सांगेन: हान्याचं जुनं बंदर, उत्तम किनारे, घळी, आणि परतीच्या वाटेवर इराक्लिओला क्नोसोसचा राजवाडा. पूर्वेला लासिथीचं पठार, वाई नावाच्या तिथल्या किनाऱ्यावरचं खजुरीचं बन आणि स्पिनालोंगा आहे. स्पिनालोंगा हे छोटंसं किल्ल्याचं बेट; १९०३ ते १९५७ तिथे कुष्ठरोग्यांना गावापासून तोडून ठेवलं जायचं. आनंदवन पाहिलेल्या माणसाला तिथे फिरताना पोटात कालवतं. ते पाहायला हवंच, पण त्यासाठी वेगळे चार दिवस काढून या.

सांतोरिनीलाही एका दिवसात जाऊन येता येतं. इराक्लिओहून हंगामात वेगवान बोटी असतात, दोन तासांच्या आसपास लागतात. माझं मत विचाराल तर जाऊ नका. दुपारच्या उन्हात गर्दीत उभं राहून फोटो काढायचे आणि बोट चुकू नये म्हणून पळत यायचं, यात तुमचा क्रीटचा एक दिवस जातो.

२. महिना निवडणं

मेचा दुसरा पंधरवडा ते मध्य जून, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. मुलांच्या शाळा असणाऱ्यांसाठी पहिला काळ सोयीचा, कारण आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी तेव्हाच असते. डोंगरउतारावर तेव्हा अजून रानफुलं असतात आणि हॉटेलांचे दर चढलेले नसतात. एकच अडचण: मेमध्ये समुद्राचं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. कोकणच्या कोमट समुद्राची सवय असलेल्याला ते थंडगार लागतं. मुलं उड्या मारतील, तुम्ही कदाचित गुडघ्यापर्यंतच जाल. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा २५ अंशांच्या घरात असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, युरोपातल्या सुट्ट्यांची गर्दी, दर वर गेलेले. त्यातच उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा दिवसेंदिवस वाहतो, त्याने उत्तर किनारा खवळतो. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो. तेव्हा अख्खा ग्रीस गावाला निघालेला असतो, बोटींची तिकिटं मिळत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार बऱ्याच घरांत होतो. ऑक्टोबर संपला की किनाऱ्यालगतची बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद होतात, पावसाला सुरुवात होते, समारियाची घळही साधारण ३१ ऑक्टोबरला बंद होते. दिवाळी लवकर आली असेल तरच त्या सुट्टीत क्रीट करा.

ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वर्षी इतर ख्रिश्चनांच्या ईस्टरपेक्षा वेगळ्या तारखेला येतो: २०२६ मध्ये १२ एप्रिल, २०२७ मध्ये २ मे. त्या चार दिवसांत दुकानं बंद आणि बसेस कमी असतात. पण मध्यरात्री चर्चबाहेर मेणबत्त्या घेऊन उभं राहिलेलं सगळं गाव बघायला मिळतं. ठरवून गेलात तर ही सुंदर वेळ आहे, न ठरवता गेलात तर गैरसोयीची.

३. व्हिसा: चार महिने आधी कामाला लागा

ग्रीस शेन्गेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेन्गेनचा पर्यटक व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण असते. मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत तारीख घ्या. अनेक देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना काही नाही. शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा, दोन पानं कोरी हवीत. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं. बाकीची कागदपत्रं म्हणजे बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या किंवा धंद्याची कागदं, रजेचं पत्र, हॉटेल आणि विमानाची आरक्षणं, आणि स्वतः लिहिलेलं एक साधं पत्र: कुठे, किती दिवस, कोणाच्या खर्चाने.

इथे दोन गोष्टी जपा. पत्रातला मुक्काम आणि हॉटेलची आरक्षणं रात्रनिहाय जुळली पाहिजेत. बोटीतली रात्रही त्यात लिहा, नाहीतर मधेच एक रात्र रिकामी दिसते. आणि आरक्षणं रद्द करता येण्याजोगी घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारा पैसा कुठेही अडकवू नका. निवृत्त आईवडील तुमच्या खर्चाने येत असतील तर तसं पत्र आणि तुमची आर्थिक कागदपत्रं त्यांच्या फायलीतही लावा.

ऑक्टोबर २०२५पासून शेन्गेनच्या सीमांवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या वेळी तिथे वेळ लागतो. अथेन्सला उतरून लगेच क्रीटचं विमान धरणार असाल तर मध्ये तीन-चार तास ठेवा.

४. बेटावर पोचणं

मुंबईहून बहुतेक लोक आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्सला पोचतात. तिथून पुढे दोन वाटा आहेत.

विमानाने हान्या किंवा इराक्लिओ, पाऊण-एक तास. सोपं आणि पटकन.

दुसरी वाट पिराइयस बंदरातून रात्रीच्या बोटीची, आणि निदान जाताना तरी हीच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट पिराइयसला जाते. बोट रात्री सुटते, आठ-नऊ तासांनी पहाटे क्रीटला लागते. बोट कसली, सात-आठ मजली इमारतच असते ती; खाली ट्रक आणि गाड्या, वर खोल्या, उपाहारगृहं, उघडा डेक. बर्थची खोली घ्या, खुर्चीवर रात्र काढू नका. हॉटेलची एक रात्र वाचते. पहाटे डेकवर गेलात तर अंधारातून आधी डोंगरांची काळी रेघ दिसते, मग दिवे दिसू लागतात. बेटावर आल्यासारखं वाटायला समुद्र ओलांडावा लागतो. विमानातून उतरल्यावर ते तितकंसं वाटत नाही. हान्यासाठीची बोट सूदा बंदरात लागते, तिथून शहर सहा-सात किलोमीटर, बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात.

परतताना विमान घ्या आणि भारताच्या विमानाआधीची शेवटची रात्र अथेन्समध्येच काढा. जोराच्या वाऱ्याने किंवा संपामुळे बोटी थांबतात, ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. ती एक रात्र हाताशी असली की घोर लागत नाही.

५. राहायचं कुठे

आठ रात्री असतील तर हान्याला पाच, रेथिम्नोला एक, इराक्लिओला दोन. रोज बॅगा भरायच्या नाहीत.

हान्यात जुन्या शहरात राहा, पण बंदराच्या अगदी तोंडावर नको. तिथे रात्री उशिरापर्यंत गलबला असतो. दोन-तीन गल्ल्या आत स्प्लांत्झिया नावाचा भाग आहे, तो शांत. जुन्या घरांच्या हॉटेलांत लिफ्ट क्वचितच असते आणि जिने अरुंद व उभे असतात. गुडघ्यांचा त्रास असणारं कोणी बरोबर असेल तर आरक्षणाआधीच तळमजल्याची खोली मागून घ्या. जुन्या शहरात गाडी आत जात नाही, बॅग दगडी फरशीवरून ओढत न्यावी लागते. चाकं दणकट असलेलीच बॅग घ्या.

छोटं स्वयंपाकघर असलेल्या खोल्या, ज्यांना तिथे ‘स्टुडिओ’ म्हणतात, कुटुंबाला फार उपयोगी. सकाळचा चहा-पोहे घरचे, दुपार-रात्र बाहेर.

हॉटेलच्या दराशिवाय एक सरकारी कर रोख किंवा कार्डाने तिथेच भरावा लागतो. तो माणशी नसून खोलीमागे दर रात्री असतो. एप्रिल ते ऑक्टोबर साध्या हॉटेलला २ युरो, तीन तारांकितला ५, पंचतारांकितला १५ असा तो चढत जातो. आरक्षणाच्या रकमेत तो बहुतेकदा धरलेला नसतो, म्हणून हिशेबात आधीच घाला.

६. बस की गाडी

उत्तर किनाऱ्यावर ‘केतेल’च्या बसेस उत्तम आहेत. स्वच्छ, वेळेवर, हान्या-रेथिम्नो-इराक्लिओ मार्गावर दिवसभर. हान्या ते इराक्लिओ अंतर सुमारे १४० किलोमीटर, बसने तीन तासांच्या आत-बाहेर. एसटीने वाढलेल्या माणसाला या बसेस आपल्याशा वाटतात: सामान खाली पोटात, चालक गावातल्या माणसांशी गप्पा मारत, मधल्या थांब्यावर पार्सलं उतरवत. एलाफोनिसीचा किनारा आणि समारियाची घळ यांसाठीही हंगामात हान्याहून सकाळची बस असते.

म्हणून पूर्ण सहलभर गाडी भाड्याने घेऊ नका. हान्यात असताना दोन-तीन दिवस घ्या, तेवढी पुरे. त्यासाठी निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो वर्षभर चालतो आणि मूळ लायसन्ससोबतच ठेवायचा असतो. भाड्याची गाडी घेताना चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर अडून बसतात. गाडी लहान घ्या, गावातल्या गल्ल्या आपल्या पेठांपेक्षा रुंद नाहीत.

गाडी उजव्या बाजूने चालवायची. पहिला अर्धा तास रिकाम्या रस्त्यावर सराव करा, विशेषतः चौकातल्या वळणाचा. हमरस्त्यावर एक स्थानिक रीत आहे: हळू चालणारी गाडी उजवीकडच्या कडेच्या पट्टीवर सरकते आणि मागच्याला वाट देते. मागून कोणी जवळ येऊन चिकटलं तर घाबरू नका, कडेला सरका. पण पुढे वळण असेल तर कडेला कोणी थांबलेलं नाही ना, हे बघून मगच. डोंगरात वळणावर शेळ्या हमखास रस्त्यात असतात. आणि कच्च्या रस्त्यावर गाडीच्या तळाला किंवा टायरला झालेलं नुकसान बऱ्याचदा विम्यात येत नाही; करार सही करण्याआधी नेमकं हेच विचारा.

७. दिवसांची मांडणी

पहिला दिवस हान्यात पायी. बोटीच्या प्रवासाने अंग आंबलेलं असतं, लांब जाऊ नका. बंदराला वळसा घालून दीपगृहापर्यंत धक्क्यावरून चालत जा. बंदर व्हेनिसकरांचं, धक्क्यालगतची घुमटवाली मशीद तुर्कांची, दीपगृहाचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या इजिप्तच्या राजवटीतलं. बेटावर कोण-कोण राज्य करून गेलं, ते एका फेरीत दिसतं. क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं ते १९१३ साली. आपल्या पणजोबांच्या काळातली गोष्ट.

दुसरा दिवस समुद्राचा. बालोस किंवा एलाफोनिसी, दोन्हींपैकी एक. बालोसचं उथळ निळं-हिरवं खाजण बघायला किस्सामोसहून बोटीने जावं, वाटेत ग्राम्वूसाच्या किल्ल्यावर चढता येतं. तिकडचा मोटाररस्ता शेवटी कच्चा आहे आणि गाडी लावून खाली उतरलेलं सगळं परत चढावं लागतं, बोटच बरी. लहान मुलं असतील तर एलाफोनिसी: पाणी दूरवर गुडघाभर आणि वाळूत शंखांच्या चुऱ्याची गुलाबी झाक. ती वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे, मुलांना आधीच सांगा. दोन्हीकडे सावली जवळजवळ नाही. सकाळी दहाच्या आत पोचा.

तिसऱ्या दिवशी समारिया, आणि याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक नवखे इथेच अंदाज चुकवतात. लेफ्का ओरीतून समुद्रापर्यंत चिरत गेलेली ही घळ. ओमालोसच्या पठारावर सुमारे १,२३० मीटर उंचीवरून सुरुवात, शेवट अगिया रुमेली या किनाऱ्यावरच्या गावात, एकूण १६ किलोमीटर. सगळा उतारच आहे म्हणून सोपं वाटतं. पण उतारच गुडघे तोडतो. सिंहगड उतरताना पोटऱ्या भरून येतात ना, तशा इथे पहिल्या दोन तासांतच येतात, आणि पुढे गोल दगडांवरून चार-पाच तास चालायचं उरतं. घळीच्या मध्यावर समारिया नावाचं रिकामं गाव लागतं. १९६२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथल्या लोकांना हलवलं. तिथे बसून शिदोरी खा. क्री-क्री या रानशेळ्या जवळ येतात, त्यांना काही भरवू नका. अखेरीला ‘पोर्तेस’, म्हणजे दरवाजे: दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच कडे आणि मध्ये तीन-चार मीटरची फट. तिथे माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो.

अगिया रुमेलीला मोटाररस्ताच नाही. संध्याकाळची बोट धरून सूगिया किंवा होरा स्फाकियोनला जायचं आणि तिथे बोटीसाठी थांबलेल्या बसने हान्याला परत. म्हणून समारियासाठी स्वतःची गाडी नेऊ नका, ती वरच राहील. पहाटेची बस घ्या. बूट घट्ट पकडीचे आणि वापरलेले असावेत, नवे नकोत. वाटेत झऱ्यांचं पाणी भरायची सोय आहे. पाऊस किंवा फार उष्णता असेल तर घळ बंद ठेवतात, म्हणून हा बेत सहलीच्या सुरुवातीला ठेवा, हुकला तर नंतर जमवता येईल.

ज्यांना १६ किलोमीटर झेपणार नाहीत त्यांच्यासाठी उलटी वाट आहे. होरा स्फाकियोनहून सकाळच्या बोटीने अगिया रुमेलीला जा आणि खालून वर तास-दीड तास चालून पोर्तेसपर्यंत जाऊन या. घळीतला सगळ्यात देखणा भाग तोच आहे. माझ्या आईने तो असाच पाहिला, आम्ही वरून येऊन तिला तिथे भेटलो. दुसरा पर्याय इंब्रोसची घळ, आठ किलोमीटर, दोन-तीन तासांची.

चौथा दिवस रिकामा ठेवा. खरंच रिकामा. पोटऱ्या दुखत असतात, आणि कॉफीच्या दुकानात तासभर बसून राहण्याची तिथली पद्धत शिकायला असा दिवसच लागतो. ‘सिगा सिगा’ म्हणतात ते, म्हणजे आपलं ‘हळूहळू’.

पाचव्या दिवशी गाडीने दक्षिणेला उतरा, स्फाकियापर्यंत. वाटेत अस्कीफूचं पठार लागतं आणि मग एका वळणावर खाली लिबियाचा समुद्र उघडतो. होरा स्फाकियोनहून बोटीने लूत्रोला जा. हेही रस्ता नसलेलं गाव. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, आणि एकही वाहन नाही.

रेथिम्नोला जाताना-येताना अर्काडीचा मठ चुकवू नका. नोव्हेंबर १८६६ मध्ये तुर्की सैन्याने वेढल्यावर आत आसरा घेतलेल्यांनी शरण जाण्याऐवजी दारूकोठार पेटवलं. त्यात शेकडो माणसं गेली, बायका-मुलंही. छप्पर उडालेली ती खोली आजही तशीच ठेवली आहे. मठात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी किंवा पंचा पिशवीत असू द्या.

शेवटी इराक्लिओ. इथे क्रम महत्त्वाचा: आधी संग्रहालय, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला क्नोसोस. क्नोसोसला दिसणारे लाल खांब आणि रंगीत भिंती बऱ्याच अंशी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांच्या काळातल्या आहेत. त्यांनी १९००मध्ये उत्खनन सुरू केलं आणि पुढे काँक्रीट वापरून काही भाग पुन्हा उभे केले. मूळ भित्तिचित्रं, बैलावरून कोलांटी मारणाऱ्याचं ते प्रसिद्ध चित्र, हातात साप धरलेल्या मूर्ती, फाइस्तोस या दुसऱ्या राजवाड्यात सापडलेली गोल मुद्रांकित चकती, हे सगळं संग्रहालयात आहे. ते आधी पाहिलं की रिकाम्या दालनांत काय होतं ते मनात भरता येतं. हे राजवाडे बांधणाऱ्या मिनोअन लोकांची एक लिपी, ‘लिनिअर ए’, हडप्पाच्या लिपीसारखीच अजून कोणाला वाचता आलेली नाही. नंतरची ‘लिनिअर बी’ मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२मध्ये उलगडली, आणि तिच्यातली भाषा ग्रीक निघाली.

८. जेवण: तिथे माठ आहे, घोळ आहे

आईला जाताना सगळ्यात मोठी काळजी जेवणाची होती. पहिल्याच रात्री ‘होर्ता’ मागवलं. उकडलेली पालेभाजी, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा तर माठ!” खरंच होता. उन्हाळ्यात होर्ता म्हणून ‘व्लीता’ देतात, ती माठाच्याच कुळातली भाजी. दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या कोशिंबिरीत घोळ सापडली, तिथे तिला ‘ग्लिस्त्रिदा’ म्हणतात आणि कच्चीच खातात.

आणखी काय मागवाल: ‘दाकोस’, म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, मऊ चीज, तेल आणि ओरेगानो. ‘फावा’, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण म्हणा. ‘यीगान्देस’, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे पावटे. ‘ब्रियाम’, भाजलेल्या भाज्यांची मिसळण. ‘बुरेकी’, हान्याची खासियत, बटाटा-झुकिनी-चीजचे थर. ‘कालित्सुनिया’, भाजी किंवा चीज भरलेल्या करंज्याच. ‘स्फाकियानी पिता’, चीज भरलेली पातळ पोळी, वरून मध. मुलांना रोज हवी असते. खानावळीत ‘लादेरा’ हा शब्द आठवणीत ठेवा: तेलात शिजवलेल्या भाज्या, बहुधा सकाळीच करून ठेवलेल्या.

शाकाहारी सांगायला ‘इमे होर्तोफागोस’, बाईने सांगायचं तरी तेच. एवढ्यावर थांबू नका; ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, हेही सांगा. ‘नीस्टीसिमो’ म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध वर्ज्य, म्हणून हा शब्द आपल्याला कामाचा. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी, कालवं आणि गोगलगाई चालतात, तेव्हा काय आहे ते विचाराच. ‘येमिस्ता’, म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, बहुतेकदा शाकाहारी असतात, कधी त्यात खिमा असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी.

बिलाबरोबर फळं किंवा गोड आणि ‘त्सिकुदिया’ नावाची कडक स्थानिक दारू फुकट येते, म्हणून गोड आधी मागवू नका. दारू घेत नसाल तर हात छातीशी नेऊन ‘एफखारिस्तो’ म्हणा, कोणी आग्रह करत नाही. पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे बिलात लागतात. रात्रीचं जेवण तिथे नऊला सुरू होतं. ज्येष्ठांसाठी सातला जा, तेव्हा टेबल सहज मिळतं. मी जेवणाला माणशी १५ ते २० युरो धरते.

इथून खाऊ नेताना जपा. युरोपीय संघात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून साजूक तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. बहुतेक ताजी फळं-भाज्याही अडतात. मेमध्ये जाताना हापूस न्यायचा मोह होतो, पण नेऊ नका. मेतकूट, भाजणी, भाजके पोहे, तेलावरची चटणी खुशाल न्या.

९. तिथे गेल्यावर उपयोगी पडणारं

‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. आपला कान ‘ने’ ऐकून नकार समजतो, खोली शिल्लक असतानाही माणूस परत फिरतो. हे एवढं घोकून जा.

दुपारी दोन ते साडेपाच गावं झोपतात, लहान दुकानं बंद असतात, रविवारी तर दिवसभर. औषधं आणि पाणी आधी घेऊन ठेवा. आपल्या प्रिस्क्रिप्शनची प्रत जवळ असावी. संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारी डबा असतो. जुने पाइप अरुंद आहेत. दोन गोल पिनांचा प्लग बहुतेक ठिकाणी बसतो, आपला जाड तीन पिनांचा बसत नाही. कार्ड सगळीकडे चालतं, पण डोंगरातल्या गावांसाठी शंभरेक युरो रोख ठेवा. यंत्राने ‘रुपयात की युरोत’ असं विचारलं तर युरो निवडा, रुपयातला दर महाग पडतो. अडचणीत ११२.

समुद्रात लाल बावटा असेल तर उतरू नका, पाणी शांत दिसलं तरी. दूरच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात.

परतीच्या आदल्या दिवशी थाइमचा मध, डोंगरी चहा ‘मालोतिरा’ आणि ऑलिव्हचं तेल घ्या. तेल काचेच्या बाटलीत न घेता पत्र्याच्या डब्यातलं घ्या, जाड मोज्यांत गुंडाळा आणि विमानात आत द्यायच्या बॅगेत मधोमध ठेवा. मधही तिथेच, हातातल्या पिशवीत नको. सुरक्षा तपासणीत तो द्रवपदार्थातच मोजतात.